जुनी जपानी भांडी घरच्या ताटासाठी: चिनी माती आणि चांदीचा संग्रह कसा जमवावा

जपानी जेवणात 'डिनर सेट' हा प्रकार मुळात नाही. भाताचा वाडगा एका घाटाचा, लोणच्याची ताटली दुसऱ्या नक्षीची, मासळीची लांबट थाळी तिसऱ्याच भट्टीतली, आणि हे सगळं एकाच माणसासमोर मांडलेलं. पदार्थ आणि ऋतू बघून भांडं निवडायचं, ही तिथली रीत. मराठी घराला ती परकी वाटू नये, कारण आपलंही जेवण वाट्या-वाट्यांनीच भरतं.

म्हणून माझा एकच आग्रह आहे: जुनी जपानी भांडी घ्यायची तर त्यांतून जेवण्यासाठी घ्या. एवढं ठरलं की काय घ्यायचं, कोणता दोष चालवून घ्यायचा आणि कोणत्या वस्तूपुढे हात आखडता घ्यायचा, यातले निम्मे प्रश्न सुटतात. शिवाय जेवणात वापरता येईल असं जुनं भांडं संग्रहालयी तोडीच्या वस्तूपेक्षा खूपच स्वस्त असतं.

आधी थोडा इतिहास, कारण भाव त्यावर ठरतो

क्यूशू बेटावर, आजच्या सागा प्रांतात आरिता नावाचं गाव आहे. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना जपानी सरदारांनी कोरियातले कुंभार आपल्या मुलखात नेले. त्यांच्यापैकी यी साम-प्योंग याला आरितातल्या इझुमियामा टेकडीत पोर्सिलेनचा दगड सापडला, असं परंपरा सांगते आणि १६१६ हे साल देते. जपानी पोर्सिलेनची सुरुवात ही. माल जवळच्या इमारी बंदरातून जहाजावर चढायचा, म्हणून बाजारात त्याचं नाव पडलं इमारी. आजही विक्रेता 'जुनी इमारी' म्हणतो तेव्हा त्याला आरिता परिसरातलं, बहुधा एदो काळातलं, म्हणजे १८६८ पूर्वीचं भांडं अभिप्रेत असतं.

सुरुवातीला सगळं निळं-पांढरं. कोबाल्टच्या निळ्या रंगाने नक्षी काढायची, वर झिलई, म्हणजे काचेसारखा थर चढवायचा आणि भट्टीत घालायचं. याला सोमेत्सुके म्हणतात. १६४० च्या दशकात झिलईवर लाल, हिरवे, पिवळे रंग चढवण्याची कला आली. साकाइदा काकिएमोन या कुंभाराचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. त्याच सुमारास चीनमध्ये मिंग घराणं कोसळत होतं आणि तिथला माल युरोपला मिळेना. मग डच ईस्ट इंडिया कंपनीने नागासाकीतल्या देजिमा बेटावरून आरिताची भांडी उचलायला सुरुवात केली. निळा, लाल आणि सोनेरी अशी भरगच्च 'इमारी' जी युरोपातल्या राजवाड्यांत दिसते, ती या व्यापाराची. नाबेशिमा सरदारांनी ओकावाची खोऱ्यात स्वतःच्या वापरासाठी आणि नजराण्यांसाठी वेगळ्या भट्ट्या ठेवल्या होत्या. त्या भांड्यांच्या पायावर, म्हणजे तळाच्या उभ्या गोल कडेवर, निळ्या रंगात कंगव्याच्या दातांसारखी नक्षी असते. ती संग्रहालयात बघून घ्यावी. खरेदीच्या यादीत तिला जागा नाही.

आपल्या कामाचा काळ पुढचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८६८ पर्यंत पोर्सिलेन सामान्य घरांत पोचलं आणि आरितात घरगुती माल प्रचंड प्रमाणात बनू लागला. त्यानंतर मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ दरम्यान, गोट्फ्रीड वाग्नर हा जर्मन रसायनतज्ज्ञ १८७० मध्ये आरिताला आला, त्याने कारखान्यात बनलेलं कोबाल्ट वापरायला शिकवलं, आणि हाताने काढायची नक्षी छापायच्या पद्धतीही रुळल्या. या दोन टप्प्यांतली भांडी आजही भरपूर मिळतात, परवडतात आणि रोज वापरता येतात. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

पहिलं काम: विकत घेण्याआधी बघणं

मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या, म्हणजे सर रतन आणि सर दोराबजी यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी कलावस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी दालन आहे. तिथे काचेपलीकडून भांड्याचं बूड दिसत नाही ही अडचण असली, तरी पांढऱ्या रंगाच्या किती छटा असतात हे डोळ्यांना कळतं. जुन्या आरिताचा पांढरा किंचित निळसर-राखाडी असतो. आजच्या कारखान्यातल्या शुभ्र कपाशेजारी तो मळका वाटेल. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की बाजारातल्या पुष्कळ नकला लांबूनच ओळखू येतात. जपानला जाणं होणार असेल तर आरितातलं क्यूशू सिरॅमिक म्युझियम चुकवू नका. तिथे शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांहून जास्त भांड्यांचा संग्रह आहे आणि त्यात आरिता कशी बदलत गेली ते क्रमाने दिसतं.

त्यानंतर भांडी हातात घ्या. मुंबईत चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर जपानी कप-बशा नजरेस पडतात. जपान आणि मुंबईचा व्यापार जुनाच आहे. निप्पोन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांबरोबर ठरवून १८९३ मध्ये कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू केली ती कापसासाठी. मटण स्ट्रीटवर जे दिसतं ते बहुतेक विसाव्या शतकातलं, 'मेड इन जपान' ठशाचं असतं. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला इमारीचा भाव देऊ नका.

काय घ्यायचं: पहिली पाच-सहा भांडी

बाजारात मापं सेंटिमीटरपेक्षा 'सुन'मध्ये बोलली जातात. एक सुन म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर. पाच सुनची खोलगट ताटली १५ सेंटिमीटरची, सात सुनची २१ ची. दहा सुन म्हणजे एक शाकू, म्हणजे ३० सेंटिमीटरचं मोठं तबक.

माझ्या मते पहिली खरेदी सोबाचोकोची असावी. सोबा शेवयांची आमटी घ्यायचा हा छोटा, सरळ भिंतीचा पेला. तोंड साडेसात-आठ सेंटिमीटर, उंची सहाच्या आसपास. हजारो नक्षींत मिळतो, सुटा मिळतो, आणि एका हातात मावेल एवढ्या वस्तूत बूड, झिलई, कोबाल्ट, रेष सगळं शिकता येतं. आपल्या घरी तो ताकाला चालतो, सोलकढीला चालतो, कोशिंबिरीची वाटी म्हणूनही चालतो.

दुसरी खरेदी नामासुझारा. ही पाच सुनच्या आसपासची, कडा थोड्या उचललेली खोलगट ताटली. उसळ, सुकी भाजी, दहीवडा, काहीही तिच्यात शोभतं. अशा ताटल्या पाचाच्या संचात विकल्या जातात, कारण जपानमध्ये चारचा आकडा मृत्यूच्या उच्चारामुळे टाळतात. पूर्वी सुखवस्तू घरांत समारंभासाठी एकाच नक्षीच्या दहा किंवा वीस ताटल्या लाकडी पेटीत ठेवलेल्या असायच्या. संच फुटून सुटी ताटली आली असेल तर ती संचातल्या एका ताटलीच्या मानाने स्वस्त पडते. सुट्या, वेगवेगळ्या नक्षींच्या पाच ताटल्या जमवणं मला पूर्ण संचापेक्षा जास्त आवडतं, आणि जपानी टेबलाला ते शोभतंही.

तिसरा प्रकार मेइजीतल्या छापील नक्षीचा, त्याला इनबान म्हणतात. कागदी साच्यातून रंग उतरवलेल्या भांड्यावर रेषा तुटक, ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदाने उतरवलेली नक्षी बारीक, सलग रेषांची असते, पण दोन कागद जिथे जुळतात तिथे ती थोडी सरकलेली असते. निळाही जास्त झगझगीत. जाणकार लोक पूर्वी याला नाक मुरडायचे. मला ते पटत नाही. कारागिराने घाईत चिकटवलेल्या त्या कागदाची तिरकी कड ताटलीला जिवंत करते, किंमत कमी असते, आणि रोजच्या जेवणात फुटण्याची भीती मन खात नाही.

कुतानी या इशिकावा प्रांतातल्या मेइजी मालावर लाल आणि सोनेरी रंगांची रेलचेल असते. तो सजावटीला ठेवा; त्याचं कारण पुढे येईलच. 'सात्सुमा' नावाने भारतात जे खूप विकलं जातं ते पोर्सिलेन नाही. ती सच्छिद्र माती आहे, झिलईला बारीक जाळीदार भेगा असतात आणि हळद त्यात कायमची बसते. जेवणाला घेऊ नका.

पूर्ण पाश्चात्त्य पद्धतीचा संच हवाच असेल तर नोरिताके बघा. मोरिमुरा बंधूंच्या या कंपनीची स्थापना १९०४ ची, आणि तिचा पहिला संपूर्ण डिनर सेट १९१४ मध्ये तयार झाला. तो संग्रहाचा स्वतंत्र विषय आहे.

भांडं उलटं करा

दुकानात भांडं हातात आलं की समोरची नक्षी बघून झाल्यावर लगेच ते उलटं करा, आणि समोर घालवला त्याच्या दुप्पट वेळ तिथे घालवा.

पायाची कड, म्हणजे भांडं ज्या गोलावर उभं राहतं ती, बिनझिलईची असते. तिथे मूळ माती दिसते. जुन्या आरितात ती बारीक आणि घट्ट असते, आणि जिथे झिलई संपते तिथे कधीकधी फिकट तांबूस रेघ दिसते. बोट फिरवून बघा. शंभर-दीडशे वर्षं लाकडावर, दगडावर सरकलेली कड गुळगुळीत झालेली असते, पण सगळीकडे सारखी नाही. नकलेत कड एकसारखी घासलेली असते, किंवा चहाच्या पाण्याने रंगवल्यासारखा तपकिरी डाग सगळीकडे समान पसरलेला असतो.

मोठ्या ताटलीच्या पायाच्या आत एक, तीन, पाच अशा बारीक टोकांच्या खुणा शोधा. भट्टीत ताटलीचा मध्य खाली बसू नये म्हणून कुंभार मातीचे अणकुचीदार टेकू लावायचे आणि नंतर ते तोडायचे. त्यांचे व्रण राहायचे. चिनी ताटल्यांत ही पद्धत सहसा नव्हती, त्यामुळे आरिता आणि चीन यांच्यात निवाडा करताना ही खूण मोठी मदत करते. पायाच्या आत रुंद, बिनझिलईचा पट्टा आणि मधे झिलईचा गोल असेल, तर त्याला सापाचा डोळा म्हणतात. ही पद्धत अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रुळली, म्हणजे वयाचा एक धागा हाती येतो. अगदी सुरुवातीच्या, १६४० पूर्वीच्या ताटल्यांत पाय फार लहान, ताटलीच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच असतो. त्या महाग असतात आणि त्यांच्या नकलाही सर्वांत जास्त. नव्या माणसाने तिथे हात घालू नये.

मग ठसा. इथे नवखा माणूस सर्वांत जास्त फसतो. जपानी कुंभार चिनी सम्राटांच्या कालखंडाची नावं तळावर सर्रास लिहायचे. 'मिंग घराणं, चेंगहुआ काळ' असं लिहिलेलं भांडं एकोणिसाव्या शतकातलं आरिता असू शकतं, आणि त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. ती मानाची सजावट होती. चौकोनात लिहिलेलं 'फुकु' हे सौभाग्याचं अक्षरही शतकानुशतकं वापरलं गेलं. ठसा हा पुरावा म्हणून शेवटी बघा, घाट, माती आणि रेष यांच्यानंतर.

एका बाबतीत मात्र ठसा उपयोगी पडतो. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हापासून १९२१ पर्यंत जपानी निर्यात मालावर 'निप्पोन' असं रोमन लिपीत येई, नंतर 'जपान' किंवा 'मेड इन जपान'. 'ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं भांडं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या ताबाकाळातलं. पण रोमन ठसा नाही म्हणून भांडं १८९१ पूर्वीचं ठरत नाही. देशांतर्गत विक्रीच्या मालावर तो कधीच नसायचा.

शेवटी समोरच्या बाजूकडे परत या. हाताने रंगवलेल्या निळ्यात रेष जाड-बारीक होते आणि भरलेल्या भागात रंग कुठे साचतो, कुठे विरळ होतो. दहापट भिंगाखाली वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना गेलेले दिसतात. रंगीत भांड्यावर जुने ओरखडे लाल-हिरव्या रंगाच्या खाली गेलेले दिसले, तर ते साधं जुनं निळं-पांढरं भांडं आहे आणि भाव वाढवायला कुणीतरी नंतर रंगवलं आहे. असलं काम जुन्या काळापासून होत आलंय.

तडा, टवका आणि सोन्याची रेष

जपानी विक्रेते दोष प्रामाणिकपणे सांगतात, पण त्यांच्या शब्दांत. केसाएवढा तडा म्हणजे 'न्यू'. सुईच्या टोकाएवढा टवका 'होत्सु', मोठा टवका 'काके'. भट्टीतच पडलेला डाग किंवा राखेचा कण हा निराळा; तो जन्मखूण मानला जातो आणि त्याने किंमत फार उतरत नाही. 'मुकिझु' म्हणजे निर्दोष.

जेवणाच्या दृष्टीने यांचं महत्त्व वेगळं आहे. कडेवरचा टवका ओठाला लागत नसेल तर खुशाल घ्या. 'न्यू' मात्र आपल्या स्वयंपाकाचा शत्रू आहे. हळद आणि तेल त्या तड्यात शिरतं आणि पिवळी रेघ उमटते ती निघत नाही. तडा गेलेली ताटली घ्यायचीच असेल तर ती फळांना, लाडवांना, सुक्या फराळाला ठेवा. तडा नजरेने सापडला नाही तर भांडं बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकं वाजवा: अखंड भांड्याचा नाद लांबतो, तडकलेल्याचा बद्द येतो. हे विक्रेत्याची परवानगी घेऊनच करा.

दुरुस्तीचे तीन प्रकार भेटतील. उरुशी या झाडाच्या चिकाने जोडून वर सोनं लावलेली किन्त्सुगी सर्वांना माहीत झाली आहे. ती हाताने धुवायची आणि मायक्रोवेव्हपासून लांब ठेवायची. आजकाल इपॉक्सी गोंद आणि सोनेरी पावडर लावून तिचीच नक्कल करतात, ती जेवणाला योग्य नाही. म्हणून सोनेरी रेष दिसली की 'खरी उरुशी आहे का' हे विचाराच. दुसरी याकित्सुगी: एदो काळात शिसं असलेल्या काचेने तुकडे पुन्हा भाजून जोडायचे. तळावर दुरुस्ती करणाऱ्याने लाल रंगात लिहिलेली खूण कधीकधी दिसते. इतिहास म्हणून अशी वस्तू फार मोलाची, पण शिशामुळे तिच्यात काही वाढू नका. तिसरी आधुनिक, रंग लावून लपवलेली दुरुस्ती. अंधारात अतिनील टॉर्च मारला की तो भाग वेगळा चमकतो.

चांदी: कमी घ्या, नीट घ्या

जपानी माणूस चांदीच्या ताटात जेवत नव्हता. चांदी होती ती साके या तांदळाच्या मद्याच्या पेल्यांत, सेंचा या हिरव्या चहाच्या किटल्यांत, बशांत, छोट्या डब्यांत. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवारीच्या मुठीवर सोन्याचांदीची कामं करणाऱ्या कारागिरांच्या घराण्यांचं काम एकाएकी थांबलं. तो हात मग भांड्यांकडे वळला. मेइजी काळातल्या चांदीवरचे आयरिसचे ताटवे, बांबू, ड्रॅगन यांच्यात जी सफाई दिसते ती तिथून आलेली आहे. योकोहामात परदेशी गिऱ्हाइकांसाठी आर्थर अँड बाँड, सामुराई शोकाई अशी दुकानं होती आणि पाश्चात्त्य घाटाचे चहाचे संच तिथून विकले जात. तोक्योत गिन्झातलं मियामोतो शोको हे १८८० पासूनचं नाव.

नव्या संग्राहकाने संपूर्ण चहाच्या संचाच्या मागे लागू नये. एक साकेचा पेला, किंवा बशांचा एक संच, किंवा मिठाईची एक डबी घ्या. मेइजी काळापासून राजघराण्याच्या समारंभांत पाहुण्यांना काँपेइतो नावाची साखरेची गोळी घातलेल्या चांदीच्या नाजूक डब्या देत. त्या आजही विकायला येतात आणि वेलदोडे-लवंगा ठेवायला त्यांच्याहून सुंदर जागा सापडणार नाही. किटली घेण्याची ऐपत आली की मात्र तोटी बघा. अंग आणि तोटी एकाच पत्र्यातून ठोकून उठवलेली असेल, डाग देऊन जोडलेली नसेल, तर ते अव्वल काम आणि भावही तसाच.

ठशांत सर्वांत नेहमीचा 'जुनगिन', म्हणजे शुद्ध चांदी. निर्यात मालावर रोमन लिपीत 'सिल्व्हर', 'स्टर्लिंग' किंवा ९५० हा आकडा असतो. जपानच्या सरकारी टांकसाळीने १९२९ पासून तपासणीचा ठसा सुरू केला: जपानी झेंडा आणि शेजारी शंकरपाळ्याच्या आकारात १०००, ९५० असा आकडा. हा ठसा असला की शुद्धतेची शंका राहत नाही, आणि वस्तू १९२९ नंतरची हेही कळतं. मेइजीतल्या चांगल्या वस्तूंवर तो नसणारच.

फसगतीच्या जागा तीन. पहिली जस्त-तांबं-निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. कडा, हँडलचा वाक, तळाचा काठ इथे पिवळसर झाक दिसते. दुसरी कथील. चहाच्या जुन्या बशा आणि डबे पुष्कळदा कथलाचे असतात. ते सुंदरच असतात, पण चांदीच्या भावाने घ्यायचे नाहीत. कथील राखाडी, मऊ असतं आणि २३२ अंशांवर वितळतं, म्हणून शेगडीजवळ नेऊ नका. तिसरी जागा सरकारी पेल्यांची. १९६३ पासून जपान सरकार शंभरी गाठणाऱ्या नागरिकांना साकेचा चांदीचा पेला देतं. २०१६ मध्ये खर्चामुळे शुद्ध चांदीऐवजी मुलामा आला. हे पेले पेटीसकट बाजारात येतात, तेव्हा साल बघून भाव करा.

काही चांदी मुद्दाम काळपट केलेली असते, तिला इबुशिगिन म्हणतात. ती 'मळलेली' समजून घासून चकचकीत केली की कारागिराचं अर्धं काम पुसलं गेलं.

खरेदी कुठे

क्योतोत तोजी मंदिराचा बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूचा २५ तारखेला भरतो. दोन्ही तारखा धरून प्रवास बेतला तर एका फेरीत दोन बाजार होतात. तोक्योत इंटरनॅशनल फोरमच्या आवारात ओएदो बाजार पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी भरतो. तारीख आधी तपासा, ती हलते. हेइवाजिमाचा मेळा छताखाली असतो आणि तिथे माल निवडक. आरितात २९ एप्रिल ते ५ मे दरम्यान मोठा भांड्यांचा बाजार असतो, पण त्यात नवा माल जास्त. सकाळी लवकर जा, रोख येन ठेवा, पिशवी आणि अंगठ्या काढून ठेवा, भांडं दोन्ही हातांनी आणि टेबलापासून फार उंच न नेता धरा. मटण स्ट्रीटसारखी घासाघीस तिथे करू नका. दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन थोडं कमी होईल का, असं नम्रपणे विचारलं तर बहुतेक वेळा होतं.

ऑनलाइन लिलावात, म्हणजे याहू ऑक्शन्स जपान वगैरे, मध्यस्थ सेवेमार्फत भारतातूनही बोली लावता येते. तिथे 'नो क्लेम, नो रिटर्न' असं लिहिलेलं असतं आणि ते खरंच पाळलं जातं. तळाचा, कडेचा आणि तिरक्या उजेडातला फोटो नसेल तर बोली लावू नका. तोक्योत किंवा ओसाकात राहणारी ओळखीची मराठी मंडळी असतील तर वस्तू आधी त्यांच्या हाती पोचवून तपासून घेता येते. हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

भारतात आणताना

ताटल्या आडव्या रचून कधी पाठवू नका, उभ्या ठेवा, प्रत्येकीमधे कागदाचा जाड थर द्या. एका खोक्यात दुसरं खोकं, मधे चार बोटं गादी. पेल्यांच्या पोटात कागद भरा. चांदीला मात्र वर्तमानपत्र आणि रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने काळे वळ पडतात.

पश्चिमी पद्धतीच्या चांदीच्या चहादाणीच्या हँडलला पांढरे पट्टे असतात, हात भाजू नये म्हणून. ते पुष्कळदा हस्तिदंताचे असतात, तशीच झाकणावरची मूठही. भारतात हस्तिदंत आणणं कायद्याने बंद आहे आणि वस्तू जुनी आहे हा बचाव कस्टम्सपुढे चालत नाही. शंका असेल तर ती वस्तू सोडा.

बिलावर वस्तूचं वर्णन, अंदाजे काळ आणि किंमत स्पष्ट लिहून घ्या. कस्टम्समध्ये शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा वर्ग वेगळा असतो. आणि आयातीचे कागद कायमचे जपा, कारण शंभर वर्षांवरची वस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं बंधन आहे. उद्या परदेशी स्थायिक व्हायची वेळ आली तर ती बाहेरूनच आली होती हे दाखवावं लागेल.

रोजच्या वापरात

झिलईखालची निळी नक्षी जेवणाला बिनधोक मानता येते, कारण रंगावर काचेसारखा थर आहे. झिलईवरच्या जुन्या लाल-हिरव्या रंगांत मात्र शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. म्हणून रंगीत इमारी-कुतानीत चिंचेची आमटी, लिंबाचं लोणचं, टोमॅटोचं सार वाढू नका, आणि काही शिळं ठेवू नका. कोरडी मिठाई ठीक. निळ्या-पांढऱ्यातसुद्धा उकळती आमटी थंड भांड्यात एकदम ओतू नका. आधी कोमट पाण्याने भांडं ऊब धरू द्या.

धुताना सिंकमध्ये प्लॅस्टिकची परात ठेवून एकेक भांडं, मऊ कापडाने धुवा. डिशवॉशर नाही, तारेची घासणी नाही. रचताना मधे कापड घाला, नाहीतर वरच्याचा खरबरीत पाय खालच्या नक्षीवर ओरखडे काढतो. कामाला येणाऱ्या मावशींना कोणतं भांडं कसं धरायचं हे एकदा शांतपणे दाखवा; बहुतेक भांडी घाईत फुटतात.

चांदी वापरली की कमी काळी पडते, म्हणून ती रोज वापरा. मीठ, अंडं, कांदा आणि आंबट तिच्यात राहू देऊ नका. मिठाने खड्डे पडतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवून लगेच कोरडी करा. साध्या, उघड्या चांदीवरचा काळेपणा ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने उतरतो. पण इबुशिगिन, तांब्या-सोन्याची जडणघडण असलेली वस्तू किंवा आत लाख भरलेलं हँडल यांना हा उपाय करू नका, आणि सराफाकडे 'पॉलिश'ला तर मुळीच देऊ नका, कारण फिरत्या चाकाने कोरीवकामाची धार जाते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चांदी सुती कापडात गुंडाळून, बंद पिशवीत, खडूचा किंवा सिलिकाचा तुकडा घालून ठेवा. किटली चुलीवर ठेवायची तर मंद आचेवर, आणि पाणी संपण्याआधी उतरवा.

प्रत्येक वस्तूचे तीन फोटो काढा: वरून, तळाचा आणि दोषाचा. वहीत घेतल्याची जागा, किंमत, विक्रेत्याने सांगितलेला काळ आणि तुमचं स्वतःचं मत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. लाकडी पेटी आली असेल तर तिच्यावरचं लिखाण वाचून घ्या, पण पेटी आणि भांडं एकमेकांचं आहे का हे माप लावून तपासा. पेट्या बदललेल्या असतात. वर्षाने वही परत काढली की चौथ्या रकान्यातलं तुमचं मत बऱ्याच ठिकाणी बदलावंसं वाटेल. तिथे जुनं खोडू नका, शेजारी नवं लिहा.